वसंतराव नाईक : पद गेल्यानंतरचा हिशेब

राज्यकर्ता पदावरून उतरतो त्या दिवशी त्याच्याविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, ते पुढे क्वचितच टिकते. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन १९५३ च्या जानेवारीत व्हाइट हाऊसमधून बाहेर पडले, तेव्हा कोरियातील रेंगाळलेल्या युद्धामुळे आणि प्रशासनातील भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे त्यांची लोकप्रियता रसातळाला गेली होती. आज तेथील इतिहासकार त्यांना वरच्या पंक्तीतील अध्यक्षांत बसवतात. उलट, वाजतगाजत निरोप घेतलेल्या अनेक सत्ताधीशांची नावे एका पिढीनंतर शोधावी लागतात. महाराष्ट्रापुरता हा प्रश्न विचारायचा झाला तर प्रथम आठवण होते ती वसंतराव नाईक यांची. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही. परंतु दीर्घकाळ खुर्चीवर राहणे म्हणजे कर्तृत्व नव्हे. त्या अकरा वर्षांचा हिशेब मुंबईच्या सचिवालयात बसून मांडला तर एक उत्तर येते. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावातून मांडला तर दुसरेच येते. दोन्ही उत्तरे एकत्र वाचल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही.

तांड्यापासून सचिवालयापर्यंत

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात, गहुली या बंजारा तांड्यावर झाला. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरलेला हा समाज तेव्हा कुठे शेतीवर स्थिरावू लागला होता. घराण्याकडे तांड्याचे नायकपण होते, जमीन होती, पण शाळा जवळ नव्हती. अशा घरातला मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पदवीधर झाला, कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली वकिलीचे धडे घेऊन पुसदला परतला. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी विवाह केला. बंजारा तरुण आणि ब्राह्मण कन्या यांचा हा विवाह त्या काळी दोन्ही समाजांना पचणारा नव्हता. पुढे राजकारणात वसंतरावांच्या ठायी दिसलेला सौम्य हट्ट या प्रसंगातच प्रथम प्रकट झाला, असे म्हणता येईल.

१९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेवर निवडून गेले आणि रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा वसंतरावही मुंबईत आले. सहकार, कृषी आणि पुढे महसूल ही खाती त्यांनी सांभाळली. तिन्ही खाती खेड्याशी निगडित होती, हा निव्वळ योगायोग नव्हे. यशवंतराव चव्हाण यांनी या शेतकरी वकिलाचा कल नेमका ओळखला होता.

मुख्यमंत्री होण्यापूर्वीचे त्यांचे एक काम आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी तेवढे ते पाठ करतात. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी १९६० साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९६१ च्या मार्चमध्ये या समितीने अहवाल दिला. जिल्हा हा विकासाचा मुख्य घटक मानावा, जिल्हा परिषदेला खरे अधिकार आणि पैसा द्यावा, आमदार-खासदारांना तिच्यात बसवू नये, आणि कारभारासाठी जिल्हाधिकाऱ्याहून वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी असावा, ही त्या अहवालाची दिशा होती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आज ग्रामीण महाराष्ट्रातील लक्षावधी मुले ज्या प्राथमिक शाळांत अक्षरे गिरवतात आणि जेथे शिक्षक नोकरी करतात, त्या शाळांच्या कारभाराची चौकट त्या अहवालातून आली आहे. शिक्षकाच्या नेमणूकपत्रावर वसंतरावांचे नाव नसते. परंतु ज्या संस्थेचे शीर्षक त्या पत्रावर छापलेले असते, तिच्या रचनेत त्यांचा वाटा मोठा आहे.

दुष्काळाची कसोटी

१९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी निवर्तले. मग वसंतरावांची निवड झाली, तेव्हा ती तात्पुरती सोय आहे असेच अनेकांना वाटले. मराठा नेतृत्वाच्या प्रभावाखालील पक्षात एका अल्पसंख्य, भटक्या समाजातला, स्वतःचा मोठा गट नसलेला माणूस फार काळ टिकणार नाही, हा अंदाज व्यवहाराला धरूनच होता. तो चुकला. १९६७ साली देशातील अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली असता महाराष्ट्रात पक्षाने २७० पैकी २०३ जागा जिंकल्या. १९७२ साली २२२ जिंकल्या.

त्या काळाचा मुख्य प्रश्न अन्नाचा होता. १९६५ च्या सुमारास वसंतरावांनी जाहीर प्रतिज्ञा केली की, दोन वर्षांत राज्य अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाले नाही, तर आपल्याला शनिवारवाड्यासमोर फाशी द्यावी. राज्य दोन वर्षांत स्वयंपूर्ण झाले नाही. त्यानंतरही अनेक वर्षे महाराष्ट्र धान्यासाठी इतर प्रांतांवर अवलंबून राहिला. निव्वळ शब्दावर न्याय करायचा तर प्रकरण येथेच संपते. तथापि प्रतिज्ञा फसली तरी तिच्यामागून जे आले ते टिकले. १९६४ साली प्रसारित झालेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी गावोगाव पोहोचली आणि हायब्रीड हा शब्द निरक्षर शेतकऱ्याच्या तोंडी बसला. तिच्या भाकरीला चव नाही आणि कडबा कमी पडतो, या तक्रारी रास्त होत्या. पण एकरी उत्पन्न वाढू शकते हा विश्वास तिनेच दिला. १९६८ साली राहुरीस, १९६९ साली अकोल्यास, १९७२ साली परभणी आणि दापोलीस कृषी विद्यापीठे उभी राहिली. कोरडवाहू शेतीच्या राज्याला संशोधनाची ही चार ठाणी एकाच कारकिर्दीत मिळाली.

मग १९७२ उजाडले. आधीची दोन वर्षे पावसाने ओढ दिलीच होती. त्या वर्षी त्याने पूर्ण पाठ फिरवली. राज्यातील धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले. विहिरी आटल्या, जनावरे मातीमोल विकली गेली, शिधावाटप दुकानांत परदेशी लाल मिलो आली. या संकटात सरकारने मुख्यतः एक मार्ग धरला : गाव सोडावे लागू नये इतक्या अंतरावर काम काढायचे आणि त्याची मजुरी रोख द्यायची. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. जगात अन्यत्र एवढ्या मोठ्या तुटीत माणसे मेली असती. येथे भूकबळींचे थैमान माजले नाही. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या या अनुभवाची नोंद दुष्काळ-निवारणाचे यशस्वी उदाहरण म्हणून केली. वसंतरावांच्या निधनाला तेव्हा दहा वर्षे उलटली होती.

अर्थात त्या वर्षांत लोक कृतज्ञतेने हात जोडून उभे होते असे नाही. रस्त्याकडेला फोडलेल्या खडीचे ढीग निरुपयोगी पडले होते, हजेरीपटांत खोटी नावे शिरत होती, मजुरी वेळेवर मिळत नव्हती. मजुरांनी मोर्चे काढले, संप केले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या. सरकार हलले, त्यात या असंतोषाचा वाटा मोठा होता. दबावाखाली का होईना, ते योग्य दिशेने हलले, हे वसंतरावांच्या बाजूने मांडावे लागते.

शहाद्याची बाजू

आता हाच काळ सातपुड्याच्या पायथ्याकडून पाहावा. ब्राह्मणपुरी ज्या शहादा तालुक्यात आहे, तेथील काळी, सुपीक जमीन कापूस, ऊस, केळी अशा पिकांना साथ देणारी. सहकार, वीजपंप आणि नवे बियाणे या वसंतरावांच्या काळातील धोरणांचा लाभ येथील बागायतदाराने घेतला आणि मेहनतीने शेती फुलवली. पण त्याच शिवारात राबणारा भिल्ल सालदार वर्षभराच्या ठरावीक मोबदल्यावर जवळजवळ बांधला गेला होता. ज्या जमिनीवर तो राबत होता, त्यांतील कित्येक एके काळी त्याच्याच आजाच्या होत्या. कर्ज, गहाण, अंगठा आणि तारखा यांच्या फेऱ्यात त्या हातच्या गेल्या होत्या. म्हणजे हरितक्रांतीने एकाच गावात एकाचे उत्पन्न वाढवले आणि दुसऱ्याला आपण काय गमावले त्याची किंमत दाखवून दिली.

१९७१ साली पाटीलवाडीच्या हिंसक प्रकरणानंतर हा असंतोष उघड झाला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि सर्वोदयी व डाव्या विचारांच्या तरुण कार्यकर्त्यांच्या साथीने आदिवासी संघटित झाले. १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. जमीन परत द्या, सालदाराची मजुरी वाढवा, दुष्काळात काम द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. जमीनधारकांनी उत्तरादाखल पीक संरक्षणाच्या नावाने आपली पथके उभी केली. शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री म्हणवणाऱ्या वसंतरावांच्या सरकारपुढे प्रश्न होता, तो शेतकरी कोणता आणि शेतमजुराचे काय, हा.

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या सरकारने सावकाश आणि अर्धवट दिले, पण दिले. आदिवासींच्या हातच्या गेलेल्या जमिनींची चौकशी झाली. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन सरकारी परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कायद्याने बंदी आली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेले व्यवहार तपासून जमिनी परत देण्याचा दुसरा कायदाही तयार झाला. तो अमलात आला १ नोव्हेंबर १९७५ रोजी, म्हणजे वसंतराव पायउतार झाल्यानंतर. अंबरसिंग यांचे निधन त्याआधीच, १९७४ साली झाले होते. ज्याने मागितले तो नव्हता, ज्याच्या कारकिर्दीत मसुदा आकाराला आला तो सत्तेवर नव्हता. कायदा मात्र आला. पुढे त्याची अंमलबजावणी तलाठ्याच्या दप्तरात आणि न्यायालयांच्या तारखांत कशी अडकली, हा वेगळा आणि दुःखद इतिहास आहे. परत मिळालेली जमीन कसण्यास बैल आणि बियाणे नसल्यामुळे ती पुन्हा जुन्याच मालकाच्या ताब्यात जाण्याचे प्रकारही घडले. हक्क कागदावर देणे आणि तो पेलण्याचे साधन देणे या दोहोंतील अंतर त्या कारकिर्दीने पार केले नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

हमीचा अर्थ

वसंतरावांच्या काळातील सर्वांत दीर्घायुषी काम कोणते, असा प्रश्न विचारला तर रोजगार हमी योजनेचेच नाव घ्यावे लागेल. तिची कल्पना त्यांची नव्हती. ती तासगाव तालुक्यातील विसापूरच्या वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गांधीवादी गृहस्थाने काम मागणाऱ्याला काम दिलेच पाहिजे, असा विचार चिकाटीने मांडला. इंग्रजी अमदानीतील दुष्काळ संहितेत सरकारने दुष्काळ जाहीर केल्यानंतर काम मिळे. देणे वा न देणे सरकारच्या हाती होते. पाग्यांच्या योजनेत क्रम उलटला. मागणी मजुराने करायची आणि काम शोधण्याची जबाबदारी सरकारवर. दान आणि हक्क यांत जो फरक आहे, तोच या दोन पद्धतींत आहे.

मुख्यमंत्र्याने ती कल्पना उचलली आणि १९७२ साली योजना सुरू झाली. दुष्काळी कामांच्या धांदलीत ती काही काळ मागे पडली, १९७४ पासून पुन्हा राबू लागली, १९७७ साली तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैशाची तजवीज करण्यासाठी १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. आज शाळेतील शिक्षक आणि कार्यालयातील कारकून यांच्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, ती हीच. शहरातील पगारदाराने खेड्यातील बेकारासाठी आपल्या मिळकतीतून ठरावीक वाटा द्यावा, हा तिच्यामागचा मूळ करार होता. तो करार कपात होणाऱ्याला कोणी समजावून सांगितला नाही, म्हणून ती त्याला नुसती कटकट वाटते.

योजनेत दोष पुष्कळ होते. काम न मिळाल्यास द्यावयाचा बेकारी भत्ता दिवसाला किमान एक रुपया इतका तुटपुंजा होता आणि तोही सहसा हाती पडत नसे. मजुरी कमी होती, मुकादमाची मनमानी चाले. पाझर तलावांचे आणि नालाबांधांचे पाणी शेवटी जमीन असलेल्याच्याच विहिरीला मिळाले. तरीही घराबाहेर रोख कमाई करण्याची संधी असंख्य स्त्रियांना प्रथम याच कामांवर मिळाली. आणि २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव होता.

खात्याची दुसरी बाजू

हिशेबाच्या वहीत नावे टाकण्याजोग्या रकमाही आहेत. महसूलमंत्री असताना वसंतरावांनी १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आणला. परंतु तो इतका ढिला होता की १९७२ साली दुरुस्ती करावी लागली, आणि ती अमलात येण्यास १९७५ चा ऑक्टोबर उजाडला. मुंबईत नरिमन पॉइंटच्या भरावावरील भूखंडांच्या वाटपावरून गंभीर आरोप झाले, वाद न्यायालयापर्यंत गेला. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेशी त्यांचे सरकार सौम्यपणे वागते, म्हणून विरोधक तिला ‘वसंतसेना’ म्हणून हिणवीत. कापूस एकाधिकार खरेदीची योजना १९७२ साली सुरू झाली. तिने दलालाच्या जाचातून शेतकऱ्याला काही काळ सोडवले, पण पुढे तिचे अर्थकारण कोलमडले. शहादा तालुक्याच्या सीमेपलीकडेच मध्य प्रदेशातील खेतियाची बाजारपेठ आहे. भाव तिकडे चढा असला की कापूस तिकडे जाणार, हा साधा नियम राज्याच्या एकाधिकाराला पाळता आला नाही. या शतकाच्या आरंभी ती मक्तेदारी संपली.

२० फेब्रुवारी १९७५ रोजी, दिल्लीची मर्जी फिरल्यावर, वसंतराव शांतपणे दूर झाले आणि शंकरराव चव्हाण त्यांच्या जागी आले. वर्षभरानंतर, १९७६ च्या फेब्रुवारीत, जायकवाडी धरणाचे उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली होती. दहा वर्षे ज्याच्या कारकिर्दीत ते धरण बांधले जात होते, तो मुख्यमंत्री त्या दिवशी पदावर नव्हता. १९७७ च्या लाटेत काँग्रेसचे दिग्गज पडत असताना वाशीम मतदारसंघाने वसंतरावांना लोकसभेवर पाठवले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर स्मारकांचा काळ आला. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. २०१३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, परभणीच्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. योगायोग असा की धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा जन्मास आला तोही १ जुलैलाच, १९९८ साली. त्या दिवशी हार घातले जातात, भाषणे होतात, आणि हिशेब मात्र राहून जातो. गौरव करणाऱ्याला पाटीलवाडी आठवत नाही, टीका करणाऱ्याला १९७३ चा मे आठवत नाही.

राज्यकर्त्याचे मोठेपण त्याच्या प्रतिज्ञांत शोधू नये आणि केवळ त्याच्या चुकांतही त्याचा निकाल लावू नये. तो गेल्यानंतर सर्वांत दुबळ्या माणसाला त्याचे नावही न घेता काय हक्काने मागता येते, हे पाहावे. ब्राह्मणपुरीच्या शिवारातील मजूर काम मागतो, आपल्या जमिनीचा उतारा तपासायला सांगतो, मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालतो. या तिन्ही गोष्टींत वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीचा अंश आहे. त्या तिन्ही गोष्टी त्याला पुरेपूर मिळत नाहीत, यातही त्यांच्या कारकिर्दीचा अंश आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत त्या खुर्चीवर बसलेल्या साऱ्यांचा आणि त्यांना बसवणाऱ्यांचाही आहे. माजी मुख्यमंत्र्याचा न्याय करताना समाज नकळत आपलाही न्याय करीत असतो. कृषिदिनाच्या हारांबरोबर या हिशेबाचीही उजळणी व्हावी, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.